हरणाच्या शिकारीचा परवाना आपल्याकडे कधी होता?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात असतो. नोव्हेंबर आला की त्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं रजा टाकून हरणाच्या शिकारीला जातात म्हणे. सरकार रीतसर परवाना देतं, कुठे किती मारायची तेही ठरवून देतं, आणि तरीही शिकारी सरकारच्या नावानं बोटं मोडतात. इकडे आमच्या आत्याच्या गावी, कर्जत तालुक्यात, काळविटांचा कळप रात्रीत हरभऱ्याचं वाटोळं करतो आणि शेतकऱ्यानं हात उगारायची सोय नाही. आपल्याकडे असा परवाना कधी होता का? बंद का झाला? आणि आपल्या शिकाऱ्यांना कधी कुणी काही विचारलं का?
— एक वाचक, वढू बुद्रुक (ता. शिरूर)

उत्तर : होता, आणि तो फार जुन्या काळात नव्हे. मुंबई राज्यानं १९५१ साली वन्यप्राणी आणि वन्यपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा शिकार हा परवाना काढून करायचा उद्योग होता. पुढे १९७२ चा केंद्राचा वन्यजीव कायदा आला. आज आपण त्याला शिकारबंदीचा कायदा म्हणतो, पण मूळ कायद्यात लहान शिकार, मोठी शिकार, विशेष शिकार असे परवान्यांचे वर्ग चक्क छापलेले होते. ती कलमं १९९१ च्या दुरुस्तीनं गाळली. कोकणात काही शेतकऱ्यांकडे आजही ठासणीची बंदूक असते, ती पीक-संरक्षणाच्या शस्त्र परवान्यावर. तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नाही. ही गफलत पुष्कळांची होते आणि ती महागात पडते.

आता तुमच्या भाच्याच्या सहकाऱ्यांकडे वळू. विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं पंधरा लाखांच्या वर आहेत आणि बंदुकीच्या हंगामाचे परवाने घेणारे पाच लाखांच्या वर. मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. बंदुका-काडतुसांवर १९३७ पासून केंद्राचा खास कर आहे, त्याचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. म्हणजे खात्याचा गाडा बऱ्याच अंशी शिकाऱ्याच्या खिशातून चालतो. मग तो हक्कानं भांडणारच.

भांडण कशावरून? एक तर मोजणीवरून. खातं म्हणतं हरणं वाढली, शिकारी म्हणतो मी दिवसभर मचाणावर बसलो, मला शेपूटसुद्धा दिसली नाही. दुसरं भांडण अधिक मजेदार आहे. कळपाची संख्या नरांवर ठरत नाही, माद्यांवर ठरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून १९९६ मध्ये खात्यानं काही भागांत नियम लावला की आधी मादी मारून दाखवा, मगच शिंगाड्या नराला गोळी घाला. हिशेब बिनचूक होता. पण घरी भिंतीवर लावायला शिंगं हवी असलेल्या माणसाला तो जाच वाटला. आरडाओरडा इतका झाला की २०११ साली विधिमंडळानं तो नियमच मोडीत काढला. मध्यंतरी २००२ मध्ये तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा रोग सापडला. खात्यानं ठरवलं, रोगाच्या पट्ट्यातली हरणं जवळजवळ निपटून काढायची. तेव्हा हेच शिकारी बिथरले, जमीनमालकही अडून बसले. शेवटी राज्यानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून चौकशी करवून घेतली आणि २०१२ च्या त्या अहवालानंतर जिल्हावार सल्लागार समित्या नेमून त्यांत शिकारी आणि शेतकरी बसवले. बोटं मोडणं त्यानंतरही थांबलेलं नाही, पण आता निदान ती समितीत बसून मोडता येतात.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्या शिकाऱ्यांना विचारलं होतं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, तो थेट आपल्या जिल्ह्यात येऊन पोचतो. तिरमल नंदीवाल्यांचा मोठा मेळा इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीला भरत असे. गाडगीळ-मल्होत्रांना आढळलं की एकाच माळावर फिरणाऱ्या जमातींनी शिकार आपसांत वाटून घेतलेली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, उदमांजर असले लहान मांसभक्षक धरत. काळवीट फासेपारध्यांचं.

फासेपारध्याची पद्धत अशी : कळपाच्या नेहमीच्या वाटेवर खुंट्या ठोकून फाशांची रांग मांडायची आणि दोन बाजूंनी कळप हळूहळू तिकडे वळवायचा. शिकवून तयार केलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं, तिच्याच चालीनं सरकत कळपाजवळ जायचं. काळवीट माणसाला बुजतं, गुराला बुजत नाही. फाशात जनावर जिवंत अडकतं, त्यामुळे ते ठेवायचं की सोडायचं याचा निर्णय पारध्याच्या हातात राहतो. गोळी सुटली की तो राहत नाही. आणि पारधी सोडत असत : गाभण मादी आणि पाडस फाशात आलं तर ते मोकळं करायचा रिवाज गाडगीळ-मल्होत्रांनी नोंदवून ठेवला आहे.

विस्कॉन्सिनच्या खात्यानं मादी मारायला लावली, पारध्यानं मादी सोडली. दोघांचं गणित एकच होतं. एकाला कळप घटवायचा होता, दुसऱ्याला पुढल्या सालासाठी राखायचा होता. फरक एवढाच की हा हिशेब पाळणाऱ्या पारध्याला इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या अमलात जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून किती पुसला हे शिरूर-दौंडच्या कुठल्याही पारधी वस्तीवर जाऊन विचारा. माळावरचं काळवीट संपत आलं ते फाशांनी नव्हे. स्वातंत्र्यानंतर जीप आली, तिच्यावर झोतदिवा आला. उजेडानं दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर हौशी लोकांनी गोळ्या झाडल्या, आणि त्यांच्या लेखी नर, मादी, पाडस असा भेद नव्हता.

तर मग आज परवाने पुन्हा का देऊ नयेत? गाडगीळांनी उघडपणे मांडलं होतं की स्वीडनसारख्या देशांत शिकार चालते आणि वन्यजीवही टिकतात, तेव्हा आपल्याकडेही स्थानिक लोकांना हा अधिकार द्यावा. रानडुकराच्या बाबतीत मला ते पटतं. काळविटाच्या बाबतीत नाही. कारण कर्जतमध्येच आहे. तुमच्या आत्याच्या तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर, जिथे चिंकारा आहे, ते सव्वापाच चौरस किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा जागेतला कळप बाहेर चरायला येणारच. भोवतीची गायरानं एक तर नांगरली गेली, नाहीतर वृक्षारोपणाच्या नावाखाली तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. काळविटाला झाडी नको असते, उघडा माळ लागतो. कळपाला आवर घालणारा लांडगाही विरळ झाला. पंधरा लाख हरणांच्या राज्याचा नियम अशा तुटक्या कळपांना लावला, तर दोन हंगामांत हिशेब करायला काही उरायचं नाही.

कायदाही तसाच आहे. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत येतात. अशा प्राण्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण तो माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल तरच. २०२५ च्या नोव्हेंबरात तुमच्याच तालुक्यात पिंपरखेडच्या नरभक्षक बिबट्याला गोळी घातली गेली, ती अशाच परवानगीनं. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही. शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी उभ्या पिकाचं नुकसान हे कारण चालतं. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये वनक्षेत्रपालाकडून ही परवानगी मिळायची वाटही काढून दिली. पण घोडं पुढेच अडतं : परवानगी मिळाली तरी नेम धरणारा आणायचा कुठून? बहुतेक अर्ज तिथेच विरतात.

एक तिसरा मार्ग नुकताच मध्य प्रदेशानं दाखवला. शाजापूर भागात पिकांना त्रास देणारी काळविटं २०२५ मध्ये हेलिकॉप्टरनं हाकत नरसाळ्यासारख्या मोठ्या आवारात नेली आणि आठशेच्या वर जनावरं उचलून कुनो, गांधीसागर वगैरे ठिकाणी सोडली. कुनोत आता आफ्रिकेतले चित्ते आहेत.  या मार्गाला खर्च दांडगा आहे, पण गोळीशिवाय कळप कमी होतो. रेहेकुरीच्या भोवतालच्या गावांनी याची मागणी जरूर करावी.

तोवर आत्यांना एवढं सांगा. नुकसान दिसलं की पंचनाम्याआधी रान साफ करू नका. काळवीट कोवळे शेंडे खुडतं, मागे टोकदार खुरांचे ठसे आणि लेंड्या राहतात. डुक्कर माती उकरून झाड मुळासकट उलथतं. हा फरक फोटोत यायला हवा, कारण पंचनाम्यात प्राण्याचं नाव लिहावं लागतं. हरणानं केलेलं नुकसानही भरपाईला पात्र आहे, पण अर्ज तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात गेला पाहिजे आणि त्याची पोच हातात पाहिजे. पंचनाम्याला वन, कृषी आणि महसूल या तिन्ही खात्यांची माणसं लागतात. त्यांतलं एक आलं नाही की प्रकरण लोंबकळतं, तेव्हा तिघांनाही त्याच दिवशी कळवा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.