इंधन महागले, सवय बदलली का?

प्रयोगशाळेत आपण स्प्रिंगला वजन टांगतो व ती किती ताणली जाते ते मोजतो. काही स्प्रिंगा थोड्या वजनाने पुष्कळ ताणल्या जातात. काही मुळीच दाद देत नाहीत. अर्थशास्त्रज्ञही असेच मोजमाप करतात. त्यांचे वजन म्हणजे किंमत आणि स्प्रिंग म्हणजे लोकांची मागणी. किंमत शेकडा जितकी वाढली त्या मानाने मागणी शेकडा किती घटली, या गुणोत्तरास मागणीची लवचिकता म्हणतात.

समजा, एका चाळीतील सर्व कुटुंबांना मिळून महिन्याला १०० लिटर पेट्रोल लागते. दर १०० रुपयांवरून १२० रुपये झाला आणि खप ९६ लिटरवर आला. किंमत २० टक्के वाढली, खप ४ टक्के घटला; म्हणून लवचिकता ४ ÷ २० = ०.२. आता खर्च पाहा. पूर्वी १०,००० रुपये लागत; आता ९६ × १२० = ११,५२० रुपये लागतात. इंधन कमी वापरूनही खिशाला चाट अधिकच!

पर्याय हाताशी असेल तर मात्र मागणी चटकन वळते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत लिटरमागे ३० रुपयांहून अधिक अंतर होते. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील दरनियंत्रण उठले. अंतर कमी झाले तसे ग्राहक पुन्हा पेट्रोलकडे वळले. २०२० मध्ये आलेल्या धुराविषयीच्या कडक नियमांनीही डिझेल मोटारी महागल्या. तेव्हा सारे श्रेय इंधनाच्या दराला देता येणार नाही.

भिवंडीच्या मालट्रकांचे तसे नाही. तेथील यंत्रमाग विजेवर चालतात, परंतु सूत येते व कापड जाते ते मुख्यतः ट्रकने. डिझेल महागले म्हणून सूत आणणे थांबवता येत नाही. वाढलेले भाडे कापडाच्या किंमतीत चढते, नाहीतर मालकाच्या नफ्यातून किंवा कामगाराच्या मजुरीतून निघते.

भिवंडीजवळचेच आणखी एक उदाहरण घ्या. मुंबई, ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत डिझेलवर राज्याचा मूल्यवर्धित कर २४ टक्के होता. भिवंडीत तो २१ टक्के होता. म्हणजे खाडीवरील कशेळीच्या पुलापलीकडे ठाण्यात एक दर आणि अलीकडे भिवंडीत दुसरा. फरक लिटरमागे सुमारे २ रुपये. ३०० लिटरच्या टाकीमागे सुमारे ६०० रुपये वाचत असतील, तर चालकाने टाकी कोठे भरावी? उत्तर सोपे आहे. परंतु यात डिझेलचा एक थेंबही वाचत नाही. बदलतो तो फक्त पंप! २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात हा फरक काढून टाकण्यात आला.

यावरून काय दिसते? कर वाढवला की सवय आपोआप बदलते असे नाही. माणसाला दुसरी वाट हवी. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे. तेथून ठाण्याला थेट गाडी नाही. अशा ठिकाणी करातून आलेला पैसा बस व रेल्वे यांच्या सोयीवर खर्च झाला, तर तोच कर सवय बदलू शकेल. एरवी तो केवळ ओझे ठरेल.

करून पाहा : शेजारच्या दहा घरांत विचारा, “पेट्रोल २० टक्के महागले तर तुम्ही काय कराल?” उत्तरांचे चार गट पाडा : प्रवास कमी करू, बस वा सायकल वापरू, दुसऱ्या गावी स्वस्त भरू, काहीच बदलणार नाही. चौथ्या गटातील घरांना दुसरी कोणती वाट उपलब्ध आहे, याची वर्गात चर्चा करा.