यादीतली एक ओळ

वारसा जपायचा की वाड्यात राहणाऱ्या माणसांनी सुखाने जगायचं, या वादात आमच्या गावाने अख्खा महिना घालवला. नगरपालिकेच्या वारसा यादीवरच्या हरकती-सूचनांची मुदतही तेवढीच होती. वाद चांगला रंगला. देवळाच्या सभामंडपात सभा झाली, पेपरात फोटो आले, एक-दोन जुने स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले. मुदत संपली तेव्हा मात्र नगरपालिकेच्या आवक रजिस्टरला कामाचे म्हणावेत असे अर्ज बोटांवर मोजण्याइतके निघाले. हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण आमचा वाडाही त्या यादीत होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि नगरपालिकाही काही जगावेगळी नव्हे.

आधी पार्श्वभूमी. वारसा इमारतींची नियमावली देशात पहिल्यांदा केली ती मुंबईने, १९९५ साली. त्यात इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि इतर शहरांनी थोड्याफार फरकाने त्याच उचलल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तिथे आतबाहेर कशालाही हात लावायचा नाही; मजबुतीसाठी गरजेचं असेल तेवढंच करायचं. दुसरी श्रेणी प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. तिचे अ आणि ब असे दोन भाग. अ मध्ये आतले बदल सहसा चालतात, बाहेरचे तपासून मगच. ब मध्ये त्याखेरीज मूळ इमारतीशी जुळणारं वाढीव बांधकामही करता येतं. तिसरी श्रेणी रस्त्याचं, आळीचं रूप टिकवण्यासाठी. तिच्यात बरीच मोकळीक असते. म्हणजे ‘हेरिटेज लागलं की खिळा मारता येत नाही’ हे जे पारावर ऐकू येतं, ते निम्म्याहून अधिक खोटं आहे. उरलेलं मात्र खरं. मुंबईच्या त्या नियमात परवानगी लागणाऱ्या कामांमध्ये दुरुस्ती आली, रंगरंगोटीसुद्धा आली.

आमच्याकडे नियम बदलायचे नव्हते, यादी तपासायची होती. हा फरक सभेत कुणीच लक्षात घेतला नाही आणि तिथूनच घसरण सुरू झाली. मुंबई आणि अशी काही मोजकी क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच एकत्रित विकास नियमावली आहे. ती बदलणं नगरपालिकेच्या हातात नाही. तो विषय मंत्रालयातल्या नगरविकास खात्याचा. नगरपालिकेच्या टेबलावर असते ती यादी: कोणती इमारत आत, कोणती बाहेर, कुणाची श्रेणी कोणती. आमच्या सभेतली निम्मी भाषणं ‘पावसाळ्यापूर्वी कौलं शाकारायलाही परवानगीची वाट बघायची का?’ या प्रश्नावर झाली. प्रश्न अगदी रास्त होता. गळणारं छत जून उजाडेपर्यंत थांबत नाही. पण तो यादीवरची हरकत म्हणून दिलात तर ‘विषयाशी संबंधित नाही’ असा शेरा मिळतो. तो वेगळ्या अर्जाने, नगरपालिकेच्या ठरावाची शिफारस जोडून वर पाठवायला हवा होता. त्या महिन्यात तसा अर्ज कुणी केला नाही.

दुसरा गोंधळ शंभर मीटरचा. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांमध्ये जुने वाडे पाडून नवीन बांधता येत नाहीत, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तो नियम केंद्र सरकारचा. १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पालिकेच्या श्रेणी-यादीशी त्याचा संबंध नाही. आमच्या गावाजवळ असं स्मारकच नाही, तरी दोन वक्ते शंभर मीटरवर तावातावाने बोलून गेले.

आता समोरच्या वाड्याची गोष्ट. मालकांना आळीत सगळे नाना म्हणतात. वाड्याची वाटणी कधीच झालेली: दर्शनी भाग चुलतभावांच्या घराकडे, मागचा चौक आणि परसू नानांकडे. सगळ्या आळीचा अभिमान म्हणजे तो दर्शनी भाग. दिंडी दरवाजा, त्यावर गणेशपट्टी, माडीला सुरूदार खांबांची ओळ आणि तुळयांच्या टोकांना कोरलेले हस्त. बाहेरचे पाहुणे आले की आम्ही आधी तो दाखवायचो. यादीत वाडा होता, फोटोही बरोबर त्याच दर्शनी भागाचा होता. सिटी सर्व्हे नंबर मात्र वाटणीपूर्वीचा. पोटहिस्से पडले तेव्हा जुना नंबर मागच्या भागाकडे राहिला आणि दर्शनी भागाला नवा मिळाला होता. ज्यांनी पाहणी केली त्यांनी पाटी पाहिली, फोटो काढला, नंबर जुन्या कागदावरून उतरवला. म्हणजे यादीच्या हिशेबाने जपायचं होतं ते नानांचं परसू, न्हाणीघर आणि पत्र्याची शेड.

मी माझ्या वाड्याची ओळ तपासत होतो, तेव्हा हे दिसलं. नानांना सांगितलं. ते म्हणाले, “अरे, फोटो आहे ना? सगळ्या गावाला माहीत आहे कुठला वाडा ते. सुनावणीत बोलतो मी.”

सुनावणी नगरपालिकेच्या मीटिंग हॉलमध्ये होती. लांब टेबल, एका टोकाला साहेब, शेजारी टाचणी-फायलींच्या ढिगाआड लिहून घेणारे लिपिक. एकेकाला नावाने पुकारत होते. नाना चांगले बोलले. पणजोबांनी लाकूड कुठून आणलं, कोणत्या सुताराने हस्त कोरले, वाड्यात कोण कोण मुक्कामाला येऊन गेलं. हॉल ऐकत राहिला. साहेबांनीही मान डोलावली. मी लिपिकांच्या जवळच उभा होतो. त्यांनी लिहिलं: ‘सदर वाड्याचे ऐतिहासिक महत्त्व कथन केले.’ खाली नानांची सही. नंबराचा विषय निघालाच नाही, आणि लेखी अर्ज नसल्यामुळे पुढे छाननीत पाहायला कुणाकडे काही उरलं नाही.

यादी मंजूर झाली. पुढे चुलतभावांच्या घरच्यांनी दर्शनी भाग विकायला काढला. धोकादायक इमारतीची नोटीस निघाली, पाडकामाची परवानगी मागितली गेली. संबंधित टेबलावर नंबर यादीशी पडताळला. तो यादीत नव्हता. कागदावर कुणाचीच चूक नव्हती. जेसीबीला फार वेळ लागला नाही. खांब आणि हस्त जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेले. आता ते कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात असतील. नानांच्या शेडला मात्र आजही हेरिटेजचं संरक्षण आहे. गेल्या वर्षी तिचा पत्रा बदलायला त्यांना अर्ज करावा लागला.

म्हणून माझं सांगणं असं की, जाहीर नोटीस पेपरात दिसली की सभेला जायच्या आधी यादी हातात घ्या. वारसा या विषयावर तुमचं मत काय, हे तूर्त बाजूला ठेवा. आपली ओळ शोधा. शेजारी मिळकत पत्रिका आणि कर आकारणीचा उतारा ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. नंबर, पोटहिस्सा, मालकाचं नाव आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्णन. आमच्या वाड्याच्या वर्णनात ‘दोन चौक’ लिहिलं होतं. मागचा चौक वडिलांच्या काळीच पडला, तिथे सिमेंटच्या खोल्या झाल्या. तशीच ओळ राहिली असती तर उद्या त्या खोल्यांच्या खिडक्या बदलतानाही ‘मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत’ म्हणायला जागा होती. वर आमची श्रेणी ३ वरून २ ब करायचा प्रस्ताव होता.

अर्ज कसा लिहावा? माझा पानभराचा होता आणि त्यातली कामाची वाक्यं एवढीच: ‘यादीतील अमुक अनुक्रमांकाच्या नोंदीत दोन चौक असा उल्लेख आहे. मागील चौक अस्तित्वात नाही. त्या जागी आरसीसी बांधकाम असून परवानगीची प्रत सोबत जोडली आहे. सबब नोंद दर्शनी भाग व पुढील चौक यांपुरती मर्यादित करावी. श्रेणीवाढीस हरकत आहे; कारणे पुढीलप्रमाणे.’ मग कारणं. पूर्वजांचा पराक्रम नाही, नगरपालिकेचा नाकर्तेपणा नाही. मिळकत पत्रिका, जुना नकाशा आणि आतून-बाहेरून काढलेले, मागे तारीख घातलेले फोटो जोडले. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांकासह पोच घेतली. ही पोच पुढे फार कामाला आली, कारण पहिल्यांदा माझा अर्ज ‘सापडत नव्हता’.

वर्णन दुरुस्त झालं. श्रेणीबाबतची हरकत फेटाळली गेली, आम्ही आता २ ब मध्ये आहोत. मला ते फारसं टोचत नाही. दर्शनी भाग टिकावा असं मलाही वाटतं. पाठीमागच्या सिमेंटच्या खोल्यांवर कुणी संस्कृतीचा भार टाकू नये, एवढीच माझी मागणी होती. माझ्या धाकट्या भावाला मात्र टोचतं, आणि त्याचंही म्हणणं फेकून देण्यासारखं नाही. वारशाचा आनंद सगळ्या गावाचा, वाळवीचा खर्च आमचा.

यावरची वाट नियमातच असते, पण ती कुणी विचारत नाही. मुंबईच्या नियमावलीत वारसा इमारतीच्या मालकाला विकासाची परवानगी नाकारली किंवा अटींमुळे त्याचा हक्क गेला, तर न वापरलेलं चटईक्षेत्र हस्तांतरणीय हक्क म्हणून देण्याची तरतूद आहे. राहत्या इमारतीत कार्यालय किंवा हॉटेल अशा वापराची सवलतही आहे. तुमच्या शहराला जी नियमावली लागू असेल तिच्यातलं हे प्रकरण काढून वाचा. श्रेणी वाढवण्याच्या प्रस्तावावर हरकत घेताना ‘श्रेणी वाढवायचीच असेल तर या सवलतींबाबत कार्यवाही कशी होणार ते नोंदवावे’ अशी मागणी लेखी करा. उत्तर मिळो न मिळो, मागणी कागदावर राहते. पुढे मोबदल्याचा प्रश्न आला की तिचा आधार होतो.

भाडेकरूंनी स्वतंत्र अर्ज द्यावा, मालकाच्या अर्जावर सही करून थांबू नये. यादीच्या बाबतीत दोघांचं हित प्रत्येक वेळी एक नसतं. आमच्याकडे काही मालकांना इमारत यादीतून काढून हवी होती ती पुनर्विकासासाठी; भाडेकरूंना ती यादीत राहण्यातच छप्पर टिकण्याची आशा दिसत होती. काही ठिकाणी नेमकं उलटं. मुंबईत २०१२ साली जी नवी प्रस्तावित यादी निघाली, तिच्यात शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्याचा बराच भाग आला. तेव्हा विरोधाला उठले ते तिथले रहिवासीच. पुनर्विकास अडकेल ही त्यांची धास्ती होती. त्यांना वारशाचे शत्रू ठरवणं सोपं होतं, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशीच्या माणसाला तसं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

सुनावणीला जाताना अर्जाची प्रत घेऊन जा आणि तिच्यातलंच बोला. दोन मिनिटं पुरतात. बोलून झालं की लिपिकांनी काय लिहिलं ते वाचल्याशिवाय सही करू नका. अपुरं असेल तर ‘लेखी अर्जात नमूद मुद्द्यांसह’ एवढे शब्द घालायला सांगा. सहसा कुणी नाही म्हणत नाही. सुनावणी संपली तरी काम संपत नाही. समितीचा अहवाल, नगरपालिकेचा ठराव आणि शासनाची मंजुरी या तीन ठिकाणी तुमची ओळ पुन्हा टाइप होते आणि दर वेळी बिघडू शकते. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तराची मुदत ३० दिवसांची; त्यात तिन्ही कागद मागा. नियमच बदलणार असतील तर रस्ता आणखी लांब. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती, सुनावणी आणि मग शासन. शासन प्रस्ताव फेरबदल करूनही मंजूर करू शकतं. म्हणजे गावात ठरलं तेच उतरेल असं धरून चालू नये.

मंजूर यादीची प्रमाणित प्रत आली की एक प्रत घरच्या कागदांत ठेवा आणि एक भाऊबंदांकडे द्या, बोलणं बंद असलं तरी. वाटणी झाली, पोटहिस्सा पडला, पत्रिकेवर नवा नंबर चढला की त्याच आठवड्यात नगररचना विभागाला पत्र द्या: जुना नंबर हा, नवा हा, यादीतल्या नोंदीत दोन्ही घ्यावेत. नानांच्या घरचं असं पत्र मी मागच्या महिन्यात लिहून दिलं. आता त्यात शेड यादीतून वगळण्याची विनंती आहे.