जाड पायांचें अक्षर

छापील पान वाचतांना आपलें लक्ष अर्थाकडे असतें. अक्षरांच्या घडणीकडे तें क्वचितच वळतें. परंतु अक्षरांनाही स्वभाव असतो. कांहीं अक्षरें शेजारीं बसून हळूच बोलणारीं, तर कांहीं चव्हाट्यावर उभीं राहून हांक मारणारीं. ह्या दुसऱ्या जातीच्या एका इंग्रजी अक्षराचा परिचय आम्ही येथें करून देणार आहों.

कोणतेंही इंग्रजी पुस्तक उघडून त्यांतील मोठा आय पाहावा. उभ्या रेघेच्या वर व खालीं एकेक लहानशी आडवी रेघ दिसेल. तिला सेरिफ म्हणतात; आपण सोयीसाठीं दोहोंसही अक्षराचे पायच म्हणूं. पुस्तकी टाइपांत हे पाय बारीक व टोंकाकडे निमुळते असतात. आमच्या अक्षराचे पाय मात्र उभ्या रेघेइतकेच जाड, आणि फरशी कापावी तसे चौकोनी कापलेले असतात. म्हणूनच त्यास स्लॅब सेरिफ, म्हणजे लादीच्या पायांचें अक्षर, हें नांव मिळालें.

हें अक्षर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांत जन्मास आलें. तोंपर्यंत टाइप होता तो हातभर अंतरावरून वाचावयाच्या पुस्तकांसाठीं. पुढें कारखाने वाढले, दुकानें वाढलीं, नाटकगृहें व सरकारी सोडत ह्यांच्या जाहिरातींनीं भिंती भरून गेल्या. रस्त्यानें जाणारा मनुष्य घाईंत असतो. त्याला थांबवावयाचें तर अक्षर लांबून दिसलें पाहिजे. मुद्रकांनीं प्रथम एक सोपी युक्ति केली. नेहमींच्या अक्षराच्या जाड रेघा त्यांनीं अतिशय जाड केल्या, पण बारीक रेघा केसासारख्याच राहूं दिल्या. परिणाम असा झाला कीं दुरून पाहतां केस दिसेनासे होत व अक्षराचे तुकडे पडल्यासारखे वाटे. तेव्हां बारीक रेघाही जाड करणें व पायही त्यांच्या बरोबरीनें भक्कम करणें हाच मार्ग उरला. व्हिन्सेंट फिगिन्स ह्या लंडनच्या टाइप ओतणाऱ्यानें १८१५ च्या सुमारास असें अक्षर आपल्या नमुनापुस्तकांत दाखविलें.

फिगिन्सनें त्यास 'अँटीक' म्हटलें होतें. पण लोकांत रूढ झालें तें 'इजिप्शियन' हें नांव. नेपोलियनची इजिप्तवरील स्वारी १७९८ सालची. तीनंतर युरोपांत त्या देशाच्या वस्तूंचें वेड पसरलें होतें, आणि व्यापारी लोक वेडाचा फायदा घेण्यांत कधींच मागें नसतात. अक्षराचा त्या देशाशीं संबंध नाहीं. विल्यम कॅस्लन (चौथा) ह्यानें तर १८१६ सालीं मुळींच पाय नसलेलें अक्षर काढलें, आणि त्यासही तेंच नांव दिलें! १९२९ सालीं जर्मनींत ह्या जातीचा जो नवा टाइप निघाला त्याचें नांव मेंफिस, म्हणजे पुन्हां इजिप्तांतील जुनें शहरच.

मोठ्या जाहिरातीचें अक्षर शिशाचें ओतणें सोपें नव्हतें. तें जड होई, महाग पडे, आणि निवतांना त्याचा पृष्ठभाग सारखा राहत नसे. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स ह्यानें १८२७ सालीं फिरत्या पात्याच्या यंत्रानें लांकडी अक्षरें कापण्यास आरंभ केला. लांकडाला जाड पायांचें अक्षर विशेष मानवलें. कारण नाजूक रेघ दाबयंत्राखालीं मोडते, लादी मोडत नाहीं.

ह्या कुळांतील सर्वांत गुणी अक्षर आमच्या मतें क्लॅरेंडन होय. लंडनच्या फॅन स्ट्रीट टाइप फौंडरीच्या रॉबर्ट बेस्ली ह्यानें तें १८४५ सालीं विक्रीस आणलें. खिळ्यांचे मूळ पोलादी ठसे बेंजामिन फॉक्स ह्यानें कोरले. ह्यांत पाय उभ्या रेघेला किंचित् वळण घेऊन मिळतो, त्यामुळें अक्षराचा दांडगेपणा पुष्कळ कमी होतो. शिवाय तें भिंतीपुरतें नव्हतें. शब्दकोशांत मूळ शब्द जाड व त्याचा अर्थ साध्या टाइपांत, असें एकाच ओळींत बसविण्यासाठीं तें योजिलेलें होतें. कोशांत एखादा शब्द शोधतांना आपलें बोट पानावरून भरभर खालीं उतरतें, त्या सोयीचें बरेंचसें श्रेय अशा अक्षराला आहे.

बेस्लीनें तें १८४२ च्या नमुना-संरक्षणाच्या कायद्याखालीं नोंदविलें. संरक्षण मिळालें अवघें तीन वर्षांचें. मुदत संपतांच इतर ओतणाऱ्यांनीं त्याच्या नकला बाजारांत आणल्या. एकेक ठसा पोलादांत कोरण्याचे श्रम ज्याचे, त्याला तीन वर्षें फार थोडीं झालीं असें आम्हांस वाटतें. पण ह्याच नकलांमुळें तें अक्षर इतकें पसरलें कीं इंग्रजी छापखान्यांत 'क्लॅरेंडन' म्हणजे कोणतेंही ठळक अक्षर असा अर्थ होऊन बसला. चोरी आणि कीर्ति हातांत हात घालून चालल्या म्हणावयाचें!

टंकलेखनयंत्रांतही हे पाय उपयोगी पडले, मात्र तेथें ते बारीक झाले. त्या यंत्रांत प्रत्येक अक्षरास सारखीच जागा मिळते. एमची दाटी होते व आय एकटा पडतो. आयला लांब पाय दिले म्हणजे मोकळी जागा भरते व ओळ तुटल्यासारखी दिसत नाहीं.

एवढे गुण असले तरी ह्या अक्षरांत सबंध परिच्छेद छापूं नये. शेजारच्या ओळी साध्या असतात म्हणून जाड शब्द उठून दिसतो. सगळेंच जाड केलें तर डोळा थकतो व कांहींच दिसत नाहीं. स्नेहसंमेलनाच्या फलकावर प्रत्येक ओळ ठळक लिहिणाऱ्या उत्साही मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें. आपल्या देवनागरीला तर असे पाय नाहींतच. जाडी वाढवितांना 'क', 'ष' ह्यांच्या पोटांतील पांढरी जागा बुजणार नाहीं एवढें तेथें पाहावें.

विद्यार्थ्यांनीं हें अक्षर स्वतः काढून पाहावें. पट्टीनें उभी रेघ अर्धा इंच जाड काढावी, पायही अर्धा इंचच ठेवावे, व ते दोन्ही बाजूंस सारखेच बाहेर काढावे. कागद भिंतीला लावून वीस पावलें मागें जावें. दोन अक्षरांचे पाय एकमेकांस चिकटलेले दिसले तर अक्षरें बारीक न करितां त्यांच्यांतील अंतर वाढवावें.