परसातील तण आणि घरची जनावरे

शेतातील तणाचा बंदोबस्त कसा करावा, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगणे नको. परंतु शेत व परस यांत एक मोठा भेद आहे, आणि तिकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. शेतात औषध मारले तर तिकडे गुरे न नेणे आपल्या हाती असते. परसात मात्र वासरू दावे सोडवून हिंडते, कोंबड्या माती उकरतात, कुत्रा ओल्या गवतावर लोळतो व मांजर आपले पाय चाटून साफ करते. तणावर मारलेले विष अशा रीतीने जनावराच्या पोटात जाते. सबब परसातील तणाचा विचार निराळा करणे अवश्य आहे.

बाजारातील तणनाशकांत पॅराक्वॅट अत्यंत घातक होय. ते पोटात गेल्यास फुप्फुसे निकामी होतात व त्यावर उतारा नाही. टू-फोर-डी हे औषध कुत्र्यास विशेष बाधते. कारण कुत्र्याचे मूत्रपिंड ते लवकर बाहेर टाकू शकत नाही. ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचा धंदा करणाऱ्यांपुरताच राखावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ साली काढली. शिवाय, एरवी गुरे ज्यांस तोंड लावीत नाहीत अशी काही विषारी तणे औषधाने कोमेजू लागली की गुरे ती खातात, हेही ध्यानात ठेवावे. कोणी मीठ टाकण्याचा सल्ला देतात. त्याने जमीन नापीक होते, आणि जादा मीठ कोंबड्यांसही मारक आहे.

आता हिशेब पाहू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. बहुतेकांचे परस एक-दोन गुंठ्यांहून मोठे नसते. एवढ्या जागेस विषाची गरज ती काय? पाऊस पडून जमीन मऊ झाली असता घरची दोन माणसे रोज सकाळी खुरपे घेऊन बसली, तर थोड्याच दिवसांत परस स्वच्छ होते. मात्र तण फुलावर येण्यापूर्वी काढावे. बी पडले की पुढील वर्षाचे काम आजच वाढले.

प्रत्येक तणाची खोड वेगळी आहे. हरळी नुसती कापून जात नाही. वैशाखात जमीन खणून तिच्या काशा उन्हात वाळवाव्या. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्यास तो पुन्हा फुटतो, म्हणून गाठीसकट उपटावा. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवताने अंगास खाज सुटते. ते हातमोजे घालून उपटावे व गुरांपुढे कधीही टाकू नये. घाणेरीच्या पाल्याने गुरांचे यकृत बिघडते. ती, धोत्रा व छाटलेली कण्हेर उकिरड्यावर उघडी न टाकता जनावरांच्या वाटेबाहेर खड्ड्यात पुरावी. मोकळ्या झालेल्या जागेवर वाळल्या पाल्याचा चार बोटे जाड थर द्यावा, म्हणजे नवे तण दबून राहते. फरशीच्या फटींत जनावरे दूर बांधून उकळते पाणी ओतावे.

इतके करूनही औषध मारणे भागच पडले, तर वेष्टनावर लिहिलेल्या कामासाठी व प्रमाणातच मारावे. वारा नसावा. औषध पूर्ण वाळून वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत जनावरे बांधून ठेवावी, व तेथील गवत गव्हाणीत टाकू नये. पंप धुतलेले पाणी डोणीजवळ सांडू नये. जनावराच्या अंगावर औषध पडल्यास साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. लाळ गळणे, ओकारी अथवा तोल जाणे दिसताच विलंब न करता पशुवैद्याकडे न्यावे. आपण होऊन ओकारी करवू नये. औषधाची मूळ बाटली सोबत न्यावी.

बाटलीविषयी सांगण्याचे कारण असे की, काही ठिकाणी सुटे औषध रिकाम्या तेलाच्या बाटलीत भरून आणण्याची चाल आहे. अशा बाटलीवर नाव नसते, म्हणून पशुवैद्य कोणत्या विषावर उपचार करणार? दावणीचे जनावर आपल्या भरवशावर असते. त्यास वेष्टन वाचता येत नाही. ते आपण वाचावे, आणि शक्य तोवर तशी पाळीच येऊ देऊ नये.