स्कॅन झाले, आता मूळ पत्रे कशाला ठेवायची?

प्रश्न : आमच्या गावच्या इतिहास मंडळाकडे एका दिवंगत अभ्यासकांचा पत्रव्यवहार आहे. सगळी पत्रे स्कॅन झाली. कपाटे अपुरी पडतात, म्हणून मूळ कागद रद्दीत काढावेत असे काही सभासद म्हणतात. मजकूर हाती असताना कागद जपण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नक्कीच आहे. कागद दाराबाहेर जाण्याआधी सभासदांना पुढची हकीगत सांगा.

लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सुरुवातीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हे मूळचे जर्मनीतल्या ब्रेमेनचे. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा अखंड पत्रव्यवहार चाले. तो इतका, की १६६७ मध्ये डचांशी युद्ध चालू असताना पत्रांवरून संशय आला आणि त्यांना काही आठवडे टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली.

१६७३ पासून त्यांच्याकडे डेल्फ्ट गावच्या अँटोनी व्हान ल्युवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याची पत्रे येऊ लागली. त्याला ना लॅटिन येत होते, ना इंग्रजी. तो साध्या डचमध्ये लिही. ओल्डेनबर्ग त्याचे भाषांतर करत, काटछाट करत आणि ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकात छापत. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दलचे १६७६ चे प्रसिद्ध पत्रही बराच मजकूर गाळूनच छापले गेले. केवळ छापील मजकुरावर विसंबू नये याला एवढे कारण पुरेसे आहे. पण खरी गोष्ट पुढे आहे.

१ जून १६७४ च्या पत्राबरोबर ल्युवेनहूकने एक लहानसे पाकीट पाठवले. त्यात चार पुड्या होत्या : बुचाचा काप, एल्डर झाडाचा गर, पिसाच्या देठातला पांढरा भाग आणि गाईच्या डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेचा वाळलेला काप. ही चेता आतून पोकळ असते असे प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून मानत आले होते. ल्युवेनहूकला तशी पोकळी कुठे दिसली नाही. आपण काय पाहिले हे दुसऱ्यांनाही पाहता यावे, म्हणून त्याने नमुनाच धाडला.

पत्र सोसायटीच्या दप्तरात गेले आणि पाकीट विस्मरणात. विसाव्या शतकात रुपर्ट हॉल आणि मारी बोआस हॉल या दांपत्याने ओल्डेनबर्ग यांचा पत्रव्यवहार १३ खंडांत संपादित केला. ते काम अतिशय मोलाचे आहे, पण पुडी काही छापता येत नाही. अखेर १९८१ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड मूळ पत्रे पाहत असताना त्यांना हे पाकीट सापडले आणि पुढे इतर पत्रांतूनही पुड्या निघाल्या. युट्रेख्टच्या संग्रहात ल्युवेनहूकचा एक सूक्ष्मदर्शक आहे. त्यात एकच भिंग आहे आणि ते सुमारे २६६ पट मोठे दाखवते. फोर्ड यांनी ते नमुने त्यातून पाहिले, त्यांची छायाचित्रे घेतली. काप किती पातळ होते आणि एका भिंगातून त्या माणसाला खरोखर काय दिसत होते, हे तीनशे सात वर्षांनी डोळ्यांनी पडताळता आले. कोणी १९८० मध्ये ‘मजकूर आहे ना’ म्हणून ते कागद काढून टाकले असते, तर हा पुरावा कायमचा गेला असता, आणि काय गेले हेही कुणाला कळले नसते.

तुमच्या गठ्ठ्यात असे नमुने असतीलच असे नाही. पण पाकिटावरचा टपालाचा शिक्का, तारीख नसलेल्या पत्राचा काळ ठरवायला उपयोगी पडणारा कागदाचा वाण, पत्राच्या पाठीवर पेन्सिलीने केलेला उत्तराचा कच्चा खर्डा, आत घडी घालून ठेवलेले कात्रण, हे स्कॅन करणाऱ्याच्या हातून हमखास सुटते. तेव्हा आधी पाठी आणि पाकिटे स्कॅनमध्ये आली आहेत का ते पाहा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. अभ्यासकांनी पत्रे ज्या क्रमाने लावली असतील तो क्रम मोडू नका. आणि जागा खरोखरच नसेल, तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राज्याचे पुराभिलेख संचालनालय यांना यादीसह पत्र लिहून विचारा.