फ्यूज कोणासाठी?

दिवाळीच्या सुट्टीत पडघ्याला मामाकडे गेले होते. मामेभावाने गाडीत नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता, म्हणून आम्ही नाशिक हायवेवर फेरी मारायला निघालो. मागे आजी बसली होती. पाच मिनिटांत तिच्या पायाखालून जळका वास आणि धूर! दादाने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली, म्हणून निभावलं.

"अगं, पण ३० अँपिअरचा फ्यूज आहे की!" दादा म्हणाला. होता, आणि शाबूतही होता. पण तो मागे, अ‍ॅम्प्लिफायरवर. बॅटरी पुढे. बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या धारेवर वायर सोलली आणि बॉडीला टेकली. करंट तिथूनच परत फिरला, डिकीपर्यंत गेलाच नाही. मग फ्यूज उडणार कसा? (मी कॉन्व्हेंटवाली, 'विद्युतधारा' म्हणताना अडखळते. करंटच चालवून घ्या.)

म्हणजे बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतोच, तो वायरसाठी असतो. शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देते. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा.

आता हिशोब. पन्नास वॅटचे चार चॅनेल, म्हणजे २०० वॅट. निम्मी शक्ती उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून ४००. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. हा आकडा छोटा वाटतो ना? पडघ्याच्या केंद्रात चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची डीसी लाइन येते, १९९९ पासून. अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट. तिच्यात पूर्ण लोडला करंट फक्त १५०० अँपिअर! दादाच्या गाडीत त्याचा पन्नासावा भाग, तोही गाण्यांसाठी. व्होल्टेज कमी की करंट जास्त, आणि वायर तापते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात.

दादाने घरातली उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. पाच मीटरला ०.०५७ ओहम. २९ अँपिअरला १.७ व्होल्ट वाटेतच गायब आणि कार्पेटखाली ४८ वॅटची शेगडी. शॉर्ट झाला नसता तरी हे बरं नव्हतंच.

आम्ही १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणली. आता वाटेत पाव व्होल्टच जातो. बॅटरीजवळ ४० अँपिअरचा फ्यूज, कारण ही वायर तेवढं आरामात सोसते. ६० चा नको, दुकानदार कितीही म्हणो. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट. अर्थची वायरही तेवढीच जाड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट.

आजी मात्र आता पुढच्या सीटवरच बसते.