सहावीचा वर्ग आणि मराठीचा तास

महाविद्यालयात प्रथम वर्षाला मराठी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी सुरुवातीलाच एक छोटे काम देतो. आपल्या गावात चालणाऱ्या एखाद्या कामाविषयी एक पान लिहून आणायचे. कोणी भाताच्या लावणीवर लिहितो, कोणी काजूच्या हंगामावर, कोणी गणपतीच्या माटोळीवर. ‘आधी हे करतात, मग ते करतात’ येथवर लेखन चांगले चालते. ‘असे का करतात’ या प्रश्नापाशी आले की वाक्य अडखळते, आणि बहुधा एखाद्या इंग्रजी शब्दाचा हात धरून कसेबसे पलीकडे जाते. वर्णनाची मराठी या मुलांपाशी आहे, पण कारण सांगण्याची मराठी नाही. ही उणीव पदवीच्या वर्गात दिसत असली तरी तेथे निर्माण झालेली नसते. तिचा माग काढत गेल्यास आपण सहावीच्या वर्गापाशी पोहोचतो. गोव्यातील सहावीत नेमके काय घडते आणि तेथे मराठीच्या तासाला काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

सहावीच का?

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलाचे माध्यम बहुतेक ठिकाणी पाचवीपासून इंग्रजी होते आणि मराठी हा एक विषय म्हणून उरतो. पाचवीचे वर्ष नव्या शाळेची सवय होण्यात सरते. शिक्षकही सांभाळून घेतात, मराठीत समजावून सांगतात. खरी परीक्षा सहावीत होते, कारण येथे अभ्यासाचे स्वरूपच बदलते.

पाचवीपर्यंत ‘परिसर’ या एका विषयात झाड, पाणी, बाजार, गाव सारे एकत्र नांदत असते. सहावीत विज्ञान वेगळे होते, इतिहास-भूगोल वेगळे होतात. विज्ञानात अन्नघटक येतात, चुंबक येतो, मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती येतात. भूगोलात अक्षांश-रेखांश येतात, इतिहासात हडप्पा संस्कृती येते. गणितात शून्याच्या खाली उतरणाऱ्या संख्या येतात. थोडक्यात, अकरा-बारा वर्षांचे मूल प्रथमच डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींविषयी विचार करू लागते. याच वयात अमूर्त विचाराची क्षमता उमलू लागते, असे ज्यां पियाजे यांनी मांडले होते. आपल्याकडे नेमक्या याच काळात मुलाच्या विचाराची भाषा बदललेली असते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मातृभाषेचे माध्यम किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत असावे असे म्हटले आहे. ते प्रत्यक्षात केव्हा आणि कितपत येईल हा वेगळा प्रश्न. आज सहावीत बसलेले मूल त्यासाठी थांबू शकत नाही. त्याच्या हाती आज फक्त मराठीचा तास आहे.

सूप, गाळणी आणि मिठागर

शेजारची एक सहावीतली मुलगी एकदा माझ्या ओटीवर बसून विज्ञानाची प्रश्नोत्तरे पाठ करत होती. ‘विनोइंग’, ‘सेडिमेंटेशन’, ‘डिकँटेशन’. प्रत्येकाची व्याख्या तिला बिनचूक येत होती. मी विचारले, “यातले तू काय पाहिले आहेस?” ती म्हणाली, “काहीच नाही सर, हे लॅबमध्ये असते.” त्या वेळी तिची आजी पाच-सहा हातांवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

या प्रसंगात दोष मुलीचा नाही, तिच्या शिक्षकांचाही नाही. तिला माहीत असलेली गोष्ट आणि तिला शिकवली जाणारी गोष्ट एकच आहे, हे सांगणारा दुवा मधून निसटलेला आहे. लेव वायगोत्स्की यांनी 1934 साली प्रसिद्ध झालेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात रोजच्या अनुभवातून येणाऱ्या संकल्पना आणि शाळेत मिळणाऱ्या शास्त्रीय संकल्पना असा भेद केला आहे. या दोन्ही एकमेकींच्या आधाराने वाढतात. अनुभवामुळे शास्त्रीय संकल्पनेला जीव येतो, तर शास्त्रीय संकल्पनेमुळे अनुभवाला शिस्त लागते. त्यांची गाठ पडली नाही तर एक स्वयंपाकघरात राहते आणि दुसरी वहीत.

आता मराठीत हा धडा कसा दिसतो पाहा. वेचणे, पाखडणे, उपणणे, चाळणे, निवळू देणे, गाळणे. यातील एकही शब्द शाळेने घडवलेला नाही. ‘बाष्पीभवन’ तेवढा पुस्तकी आहे, पण ते समजावून देण्यासाठी आपल्याकडे मिठागरे आहेत. पेडण्यातील आगरवाड्याच्या तर नावातच आगर आहे. खाडीचे खारे पाणी उथळ वाफ्यांत घेतात, उन्हाने ते आटते आणि मीठ मागे उरते. पाऊस सुरू झाला की हंगाम संपतो. हंगाम का संपतो, हे मराठीत तीन वाक्यांत लिहू शकणाऱ्या मुलाला बाष्पीभवन समजले आहे. पुढे त्याने इंग्रजी संज्ञा खुशाल शिकावी, ती आता रिकामी राहणार नाही.

शब्दाच्या पोटातला अर्थ

गणितातही असेच आहे. अपूर्णांकातला ‘छेद’ म्हणजे काप. वस्तूचे किती तुकडे केले ते छेद सांगतो आणि त्यांतले किती घेतले ते ‘अंश’ सांगतो. ‘ऋण संख्या’ म्हणताच देणे आठवते. ब्रह्मगुप्ताने 628 साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन आणि ऋण याच शब्दांत या संख्यांचे नियम सांगितले. गावच्या दुकानातली उधारी ज्याने पाहिली आहे, त्याला शून्याखालची संख्या परकी वाटण्याचे कारण नाही.

येथे सावध राहणेही गरजेचे आहे. प्रत्येक मराठी परिभाषिक शब्द असा पारदर्शक नसतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द मुलाला इंग्रजी शब्दाइतकाच जड जातो. म्हणून इंग्रजीच्या जागी संस्कृत संज्ञा पाठ करून घेण्यात काही मिळवले असे होत नाही. जेथे घरचा शब्द आहे तेथून सुरुवात करावी. जेथे तो नाही, तेथे साध्या वाक्यात अर्थ सांगून पुढे जावे.

जवळची भाषा, जवळचे गोंधळ

गोव्यातील मराठीच्या शिक्षकापुढे आणखी एक गोष्ट असते. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते. दोन्ही भाषा जवळच्या, लिपीही एकच. त्यामुळे आधार जसा मिळतो तसा गोंधळही होतो. कोकणीत ‘पळय’ म्हणजे पाहा. मराठीत ‘पळ’ म्हणजे धाव. कोकणीत ‘नुस्तें’ म्हणजे मासळी. मराठीत ‘नुसते’ म्हणजे केवळ. कोकणीत ‘बरें’ म्हणजे चांगले, तर मराठीत एखादा निबंध ‘बरा’ आहे म्हटले की मुलाचा चेहरा उतरायला हवा. लहान मुलीला कोकणीत नपुंसकलिंगी ‘तें’ म्हणतात, म्हणून निबंधात ‘माझे बहीण आले’ असे उतरते. ‘हांवें केलें’ याची सवय असलेला ‘मी’पुढेही काहीतरी जोडू पाहतो. ‘बरें’वरचा अनुस्वार कोकणीत आवश्यक आहे, मराठीने असे अनुच्चारित अनुस्वार 1962च्या लेखननियमांनी सोडले.

अशा ठिकाणी लाल रेघ ओढून ‘अशुद्ध’ लिहिण्याने मुलाला एवढेच कळते की आपल्या घरचे बोलणे चुकीचे आहे. ही समजूत भाषेच्या कोणत्याही चुकीपेक्षा अधिक नुकसान करते. फळ्यावर दोन रकाने काढून ‘तेथे असे, येथे असे’ म्हणून दाखवले, तर चूक हाच व्याकरणाचा धडा होतो. लिंग, वचन, सामान्यरूप हे सारे सहावीच्या व्याकरणात आहेच. दोन जवळच्या भाषांची तुलना करत ते शिकण्याची संधी पुण्या-मुंबईच्या वर्गाला सहज मिळत नाही.

एका तासाची आखणी

विज्ञानात पदार्थ वेगळे करण्याचा धडा चालू असेल, त्या आठवड्यात मराठीचा एक तास पुढीलप्रमाणे घेता येतो.

आदल्या दिवशी मुलांना सांगावे की घरात काहीही गाळताना, चाळताना, पाखडताना, निवडताना पाहा आणि करणाऱ्या माणसाला ‘असे का करता?’ विचारून या. तासाच्या सुरुवातीला ती कामे फळ्यावर येतील. प्रत्येकापुढे तीन शब्द लिहावेत: घरचा, मराठीतला, विज्ञानाच्या पुस्तकातला. काही ठिकाणी पहिले दोन एकच निघतील, तेही मुलांना पाहू द्यावे.

मग एक धातू घेऊन त्याचे कुटुंब मांडावे. गाळणे ही क्रिया, गाळणी हे साधन, खाली बसतो तो गाळ, गाळून झालेले ते गाळीव. क्रियापद, नाम, विशेषण यांच्या व्याख्या त्यानंतर सांगितल्या तरी चालतील, कारण तोवर त्या मुलांना दिसलेल्या असतात.

शेवटची पंधरा मिनिटे लेखनाला. पाचच वाक्ये, पण अट अशी की ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ आणि ‘जर-तर’ यांचा प्रत्येकी एकदा तरी उपयोग व्हावा. “तांदूळ जड असतात आणि कोंडा हलका असतो, म्हणून सूप हलवल्यावर कोंडा पुढे उडतो.” असे वाक्य स्वतः रचणाऱ्या मुलाने मराठीत विचार केलेला असतो. याला वेगळे पुस्तक लागत नाही, साधने लागत नाहीत. विज्ञानाच्या शिक्षकांशी आठवड्यातून पाच मिनिटांचे बोलणे मात्र लागते.

मराठी टिकवण्याची चर्चा आपण साहित्य संमेलनांत करतो, ठरावही करतो. भाषा टिकते ती मात्र ज्या कामासाठी माणसाला तिची गरज पडते त्या कामात. कविता आणि निबंध याखेरीज मराठीचा उपयोगच काय, असा समज मुलाच्या मनात सहावीत रुजला, तर पदवीच्या वर्गात तो उपटून काढणे कठीण जाते. हे मी दर वर्षी त्या एका पानात वाचतो. शेजारच्या त्या मुलीला मी त्या दिवशी आजीपाशी पाठवले. ती परत आली आणि म्हणाली, “सर, आजी विनोइंग करते, पण तिला माहीत नाही.” मी तिला म्हटले, “तिला माहीत आहे. नाव तेवढे तू तिला सांग, आणि कसे करायचे ते तिच्याकडून लिहून घे.” दुसऱ्या दिवशी तिने वहीचे एक पान आणून दाखवले. त्यात तीन वाक्ये होती, आणि तिसऱ्या वाक्यात ‘म्हणून’ होते.